दाढ दुखते की जबड्याचा सांधा?

डोकं दुखलं तर बाम, पाय दुखले तर तेल, कंबर धरली तर शेक. आपल्या दुखण्यांवरचे उपाय घरातल्या घरात ठरलेलेच असतात. पण कानाच्या पुढे, गालाच्या वरच्या टोकाला दुखायला लागलं की काय करायचं, हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. शेजारीण म्हणते, ‘‘कानात गार वारं गेलं असेल, लसणाचं तेल सोड.’’ जाऊबाई म्हणतात, ‘‘अक्कलदाढ असेल, लवंग धर.’’ घरातली पुरुषमंडळी म्हणतात, ‘‘बोलणं जरा कमी कर, आपोआप थांबेल!’’ यावर सगळे हसतात, तीही हसते. हसताना कानाजवळ ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि तिचा हात गालाकडे जातो. तिकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात ना, या दुखण्याचं अगदी तसंच आहे. भाकरी चावताना दुखतं, जांभई देताना दुखतं, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो. पण ताप नाही, सूज नाही, दात किडलेला नाही; मग सांगायचं तरी काय आणि कुणाला? त्यातून हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बरंच जास्त आढळतं, तेही बहुतेक वेळा विशी ते चाळिशीच्या, म्हणजे घरादाराच्या कामाचा सगळा भार अंगावर असण्याच्या वयात.

मी काही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन संसाराला लागलेली आणि महिला मंडळाच्या कामात रमलेली बाई. पण आमचं मंडळ दंततपासणीची शिबिरं भरवतं, तेव्हा नावं लिहून घेण्यापासून बायकांना धीर देण्यापर्यंतची कामं माझ्याकडे असतात. त्या टेबलाशी बसून जे पाहिलं आणि तिथल्या डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारलं, ते आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. कारण या दुखण्याचा एक धागा आपल्या हातातच असतो. दातांसाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये हा सांधाही दिसतो, फक्त तिकडे बघायला हवं.

आधी बोट लावून बघा

दोन्ही हातांची पहिली बोटं कानांच्या छिद्राच्या अगदी पुढे ठेवा. आता सावकाश तोंड उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकतं आणि पुन्हा मागे जातं ना? तोच जबड्याचा सांधा.

खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वळलेलं एकच हाड. त्याची दोन टोकं वर कानांपाशी जातात आणि प्रत्येक टोकाला एक छोटा गोळा असतो. कवटीच्या हाडाला तिथे खोबण असते, त्या खोबणीत हा गोळा बसतो. हाडावर हाड घासू नये म्हणून मध्ये एक चिवट चकती असते. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा आधी फिरतो आणि मग खोबणीतून उतरून पुढेही सरकतो. दोन्ही बाजूंना हे एकाच वेळी व्हावं लागतं, कारण हाड एकच. म्हणूनच एका बाजूचा सांधा बिघडला की दुसरीवरही ताण येतो. आपण बोलतो, चावतो, गिळतो, जांभया देतो. दिवसभर या सांध्याला सुट्टी अशी नाहीच.

मधली चकती जागची जरा सरकली की ‘कट्ट’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर त्यावर सहसा काही उपचार लागत नाहीत. ‘कट्ट’च्या जागी वाळूवर चप्पल घासल्यासारखी करकर येऊ लागली, चावताना दुखू लागलं, तोंड पहिल्याइतकं उघडेनासं झालं, तर मात्र हाडाकडे बघायची वेळ आली असं समजावं. तोंड किती उघडतं हे घरीच कळतं. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. दोनच बसत असतील तर दाखवून घ्या.

दोन दाढा गेल्या, दुखणं राहिलं

आमच्या एका शिबिरात साठीच्या आसपासच्या एक काकू आल्या होत्या. उजव्या बाजूला दुखायचं, अगदी कानशिलापर्यंत कळ जायची. एका ठिकाणी दाखवलं, तिथे त्यांची खालची दाढ काढली. चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी वरची दाढ काढली. दुखणं तसंच. काकू म्हणाल्या, ‘‘बाई, आता तिसरी काढायला आलेय. एकदाची सगळी बत्तिशी काढा आणि मला मोकळी करा.’’

शिबिरातल्या डॉक्टरबाईंनी दात नंतर बघितले. आधी कानापुढे बोटं ठेवली आणि तोंड उघडायला सांगितलं. काकूंची हनुवटी सरळ खाली न जाता उजवीकडे वळत होती आणि बोटाखाली करकर लागत होती. मग त्यांनी काकूंच्या पिशवीतली, सहा महिन्यांपूर्वी दाढेसाठी काढलेली मोठी एक्स-रे फिल्म खिडकीपाशी धरली. दाढांच्या जागेवर कुणीतरी पेनानं गोल केले होते. बाईंनी बोट नेलं ते फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात. ‘‘इथे बघा, डावीकडचा गोळा गुळगुळीत, वाटोळा आहे. उजवीकडचा वर चपटा झालाय, कड कुरतडल्यासारखी झालीय आणि पुढे चोचीसारखं टोक आलंय. दुखतंय ते इथे.’’

तिसरी दाढ वाचली. पण आधीच्या दोन काही परत येणार नव्हत्या. फिल्म तीच, तीन ठिकाणी दाखवलेली; दोन ठिकाणी नजर फक्त दातांवरून फिरली. त्यावरून कुणाला दोष देत बसण्यापेक्षा मला वाटलं, त्या फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात काय असतं हे आपल्यालाच ठाऊक असलं तर आपण निदान ‘‘डॉक्टर, सांधाही बघता का?’’ असं विचारू तरी शकू.

तोंडाचा मोठा फोटो

आपल्याकडे एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. दाताच्या फोटोचे दोन प्रकार नेहमी बघायला मिळतात. एक छोटा, तोंडात फिल्म किंवा सेन्सर ठेवून काढतात, त्यात दोन-तीन दात दिसतात. दुसरा मोठा, त्याला ओपीजी म्हणतात. यात एका पट्टीवर वरचे-खालचे सगळे दात, पूर्ण जबडा आणि दोन्ही टोकांचे सांधे दिसतात. छोट्या फोटोत सांधा येतच नाही, हे लक्षात ठेवा.

रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ऑटो वॉकहॉफ या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचा फोटो काढून घेतला. त्यासाठी तो तब्बल २५ मिनिटं किरणांपुढे बसला होता! वाकडातिकडा जबडा एका सपाट पट्टीवर उतरवण्याची युक्ती फिनलंडच्या डॉ. पाटेरो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पुढे नेली. आज ओपीजीला पाव मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. आपण ताठ उभं राहायचं, हनुवटी आधारावर ठेवायची, पुढच्या दातांनी एक छोटी दांडी धरायची आणि मशीन डोक्याभोवती फिरून येईपर्यंत हलायचं नाही. दुखत काही नाही. किरणांचं म्हणाल तर निसर्गातून दोन-चार दिवसांत आपल्या अंगावर जेवढे पडतातच, साधारण तेवढेच. तरीही विनाकारण फोटो काढू नये आणि गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगावं.

एक गंमत सांगते, आपल्या कामाची आहे. फोटोआधी कानातलं, चमकी, गळ्यातलं, केसांचे चाप, कवळी सगळं काढायला सांगतात. बऱ्याच जणींना ते नको वाटतं. मंगळसूत्र काढायचं म्हणजे तर मनाला लागतं. पण का काढायचं ते ऐका. कानातलं तसंच राहिलं तर त्याची सावली त्याच बाजूला तर येतेच, शिवाय समोरच्या बाजूला, जरा वर आणि पुसट अशी आणखी एक उमटते. तिला तंत्रज्ञ ‘भूत’च म्हणतात! उजव्या कानातल्या कुडीचं भूत डाव्या बाजूच्या हाडांवर जाऊन बसतं आणि नेमकं बघायचं तेच झाकून टाकतं. मग पुन्हा फोटो, पुन्हा पैसे, पुन्हा किरणं. तेव्हा दोन मिनिटं दागिने पर्समध्ये ठेवलेले बरे.

गोळ्यात काय बघतात?

निरोगी सांध्यात गोळ्याची वरची कड एका सलग पांढऱ्या रेघेसारखी दिसते आणि गोळा वाटोळा असतो. डॉक्टर दोन्ही बाजू ताडून बघतात. बदल साधारण असे दिसतात.

गोळा वरून चपटा होतो. कडेची पांढरी रेघ नेहमीपेक्षा जाड आणि जास्त पांढरी होते. रेघ मध्येच तुटते, तिथे उंदरानं कुरतडल्यासारखा खड्डा दिसतो. गोळ्याच्या पुढच्या बाजूला हाडाचं टोक वाढतं, पोपटाच्या चोचीसारखं. कधी कडेच्या खाली हाडात छोटी पोकळी दिसते. कधी एक गोळा दुसऱ्यापेक्षा अगदीच लहान किंवा मोठा असतो.

यातल्या प्रत्येकाचा अर्थ मात्र सारखा नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत ही गोष्ट स्पष्ट केलेली आहे. नुसता चपटेपणा किंवा कडेचा जाडपणा एवढ्यावरून सांधा आजारी ठरवत नाहीत. वयानुसार, चावण्याच्या सवयीनुसार हाड स्वतःला थोडं घडवून घेतच असतं. वापरून वापरून पोळपाट गुळगुळीत होतो, तसं. कुरतडल्यासारखे खड्डे, चोचीसारखं टोक आणि हाडातली पोकळी ही झिजेची खरी लक्षणं. म्हणून रिपोर्टवर काय लिहिलंय ते नीट विचारून घ्यावं. ‘‘थोडा चपटेपणा’’ आणि ‘‘कड कुरतडलेली’’ या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे.

फोटो सांगतो तेवढंच खरं नाही

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर हे वाचून उद्या सगळ्या जणी ओपीजी काढायला धावाल!

ओपीजी हा दातांसाठी केलेला फोटो आहे. त्यात सांधा दिसतो, पण तिरका. कवटीची इतर हाडं त्यावर येतात. डोकं जरा तिरपं राहिलं तर एक बाजू उगाच मोठी दिसते. शिवाय पुढच्या दातांनी दांडी धरली की जबडा पुढे येतो आणि गोळा त्याच्या नेहमीच्या जागी राहत नाही. त्यामुळे गोळा आणि खोबण यांच्यातली जागा कमी झाली की जास्त, हे या फोटोवरून ठरवता येत नाही. मधली चकती हाडाची नसल्यानं ती दिसतच नाही. आणि हाडातला चुना बराच कमी झाल्याखेरीज साध्या एक्स-रेत फरक उमटत नाही, त्यामुळे सुरुवातीची झीज सुटून जाते.

२००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ओपीजीची तुलना सीटी स्कॅनशी केली होती. सीटीत ज्या सांध्यांची झीज दिसली, त्यांतले जेमतेम पाव भाग, २६ टक्के, ओपीजीत पकडले गेले. पण जे सांधे सीटीत निरोगी होते, त्यांना ओपीजीनं जवळजवळ कधीच आजारी म्हटलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ओपीजी हा कमी बोलणारा साक्षीदार आहे. तो ‘‘मी पाहिलं’’ म्हणाला तर ऐकावं. ‘‘मी काही पाहिलं नाही’’ म्हणाला म्हणून काही घडलंच नाही असं धरू नये. फोटो चांगला आला आणि दुखणं तरी आहे, तर ते मनाचे खेळ नसतात. बऱ्याचदा दुखणं हाडाचं नसून चावण्याच्या स्नायूंचं असतं आणि स्नायू एक्स-रेत दिसत नाहीत. ‘‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हिला काही झालेलं नाही,’’ हे वाक्य घरात किती जणींना ऐकावं लागतं!

याच्या उलटही घडतं. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण कवळी बसवायला गेली. ओपीजीत एका सांध्याची झीज दिसली. तिला कधीच काही दुखलं नव्हतं. पण घरी येऊन तिनं रिपोर्ट वाचला आणि त्या दिवसापासून भाकरी सोडली, दूध-पोळीवर राहायला लागली, रात्र रात्र झोप नाही. शेवटी डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तोंड उघडायला लावलं, तीन बोटं सहज बसली, दाबून पाहिलं तर कुठेच दुखेना. त्या म्हणाल्या, ‘‘ही झीज जुनी असेल आणि सांध्यानं स्वतःला सावरूनही घेतलं असेल. मला फोटोवर उपचार करायचे नाहीत, तुमच्यावर करायचेत आणि तुम्हाला तर काही होत नाहीये. जा, भाकरी खा!’’ झीज आणि दुखणं यांचं गणित सरळ नसतं. थोड्या झिजेनं जीव नकोसा होऊ शकतो आणि बरीच झीज असून कळतही नाही.

मग पुढची तपासणी कधी? दुखणं थांबत नसेल, तोंड उघडणं कमी होत चाललं असेल, चेहरा एका बाजूला वळत असेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल तर हाडासाठी सीबीसीटी आणि चकतीसाठी एमआरआय सांगतात. सीबीसीटी म्हणजे दात-जबड्यासाठीचा सीटी स्कॅन, १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेला. त्यात गोळ्याचे पातळ काप केल्यासारखे दिसतात. पण त्यात किरणं ओपीजीपेक्षा जास्त आणि खर्चही जास्त. तेव्हा ‘‘यानं माझ्या उपचारात काय बदलणार आहे?’’ एवढा प्रश्न जरूर विचारावा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

लेकींच्या हनुवटीकडे लक्ष द्या

आतापर्यंत आपलं झालं, आता मुलाबाळांचं. ओट्यावरून, झोपाळ्यावरून, सायकलवरून पडून मुलांची हनुवटी फुटते. रक्त येतं, आपण धावत जाऊन टाके घालून आणतो आणि जखम भरली की विसरतो. पण हनुवटीवर बसलेला मार हाडातून सरळ वर जातो आणि कानापाशी गोळ्याच्या खाली हाड मोडू शकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. हे लक्षात न येता राहिलं तर काही मुलांमध्ये गोळा आणि खोबण एकमेकांना चिकटून हाडच एक होतं. तोंड उघडेनासं होतं. जबड्याच्या वाढीचा एक महत्त्वाचा भाग तिथेच असल्यामुळे हनुवटी लहान राहते, चेहरा एका बाजूला वळतो. कानाच्या जुन्या पू होण्याकडे दुर्लक्ष झाल्यानंही क्वचित असं होतं.

शिबिरात एक आई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. तक्रार काय, तर ‘‘ही नीट जेवत नाही, नखरे करते.’’ मुलीच्या तोंडात जेमतेम एक बोट जात होतं. घास चुरून, पातळ करून ती आत सारायची. तीन-चार वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवर पडली होती, हनुवटीवर टाक्यांची खूण होती. तिला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं. चिकटलेला सांधा शस्त्रक्रियेनं मोकळा करतात आणि नंतर महिनोन्महिने तोंड उघडण्याचे व्यायाम नेटानं करावे लागतात, नाहीतर तो पुन्हा चिकटू शकतो.

म्हणून मूल हनुवटीवर पडलं तर टाके घालतानाच विचारा, सांधा बघितला का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का, दात पहिल्यासारखे एकमेकांवर बसतात का, कानातून रक्त आलं का, हे बघा. शंका असेल तर त्याच आठवड्यात एक्स-रे होऊ द्या. वेळेत कळलं तर मुलांमध्ये बहुतेक वेळा शस्त्रक्रिया न करताही हाड सावरतं.

वयात आलेल्या मुलींमध्ये एक वेगळाच प्रकार क्वचित दिसतो. दोन्ही बाजूंचे गोळे हळूहळू लहान होत जातात, हनुवटी मागे जाते, पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. याचं नेमकं कारण सापडत नाही, पण मुलांपेक्षा मुलींमध्ये हे कितीतरी जास्त. दातांना तारा लावण्याआधी ओपीजी काढतातच. त्यात दातांबरोबर दोन्ही गोळेही बघून घेतले तर हे आधी कळतं. एकदा तारा लावून, पैसे खर्चून झाल्यावर कळण्यापेक्षा ते कधीही बरं.

सांधा चांगला, तरी तोंड उघडत नाही?

आपल्या भागात याचं एक मोठं कारण सुपारी आहे. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी ताठर, पांढुरकी होत जाते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड मिटत जातं. सांधा अगदी ठीक असतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण ‘‘जेवणानंतर नुसती सुपारी’’ खाणाऱ्या बायका घरोघर आहेत. सुपारी तंबाखूशिवायही घातक आहे आणि हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. अशांनी एक्स-रेची वाट न बघता आधी तोंड दाखवावं आणि सुपारी त्याच दिवशी सोडावी.

उपचार साधेच असतात

जबड्याच्या सांध्याच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही दिवस मऊ खाणं, कडक चिक्की, ऊस, आवळा सुपारी बंद. मोठा घास आणि मोठी जांभई टाळायची, जांभई येताना हनुवटीखाली हात धरायचा. दिवसातून दोन-तीनदा ओल्या गरम फडक्यानं शेकायचं. डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम करायचे, त्यांनी लिहून दिलेलीच वेदनाशामक गोळी घ्यायची. कानात तेल मात्र घालू नका.

आणि दात आवळून धरायची सवय! विळीवर भाजी चिरताना, भांडताना न बोलता गप्प राहताना, रात्री झोपेत आपण दात किती घट्ट धरतो याचा पत्ताच नसतो. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं एक सूत्र मी मंडळात सगळ्यांना पाठ करायला लावलंय : ‘‘ओठ मिटलेले, दात सुटलेले.’’ खाताना सोडून एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना लागायला नकोत. रात्री दात खाण्याची सवय असेल तर मापानं बनवलेली प्लॅस्टिकची पट्टी देतात. हाताच्या बोटांचे सांधेही सकाळी आखडत असतील, सुजत असतील तर ते नक्की सांगा. आमवाताच्या तडाख्यातून जबड्याचा सांधाही सुटत नाही आणि तिथे औषध मुळापासून द्यावं लागतं.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत. जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, त्याबरोबर धाप, घाम, मळमळ, छातीत दडपण असं अचानक झालं तर तो सांधा नव्हे, हृदयविकार असू शकतो. बायकांमध्ये तो पुष्कळदा असाच येतो. तेव्हा शेकत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

जाताना काय न्यायचं?

दंतवैद्यकात या तपासणीसाठी स्वतंत्र विभाग असतो, त्याचं नाव ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तो आहे, खासगी दंत महाविद्यालयांतही असतो. तिथे खर्च बेताचा येतो. जुने फोटो फेकू नका. फिल्म असेल तर पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर आला असेल तर जपून ठेवा. दोन वर्षांपूर्वीचा गोळा आणि आजचा गोळा शेजारी ठेवून बघितला की झीज वाढतेय की थांबलीय ते कळतं. हे एकट्या फोटोवरून सांगता येत नाही.

आणि तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. दाढ काढायची तर दुखणं तिचंच आहे हे कशावरून? फोटोत दोन्ही सांधे दिसले का आणि कसे आहेत? पुढचा फोटो किंवा स्कॅन काढून उपचारात काय फरक पडेल?

विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. डॉक्टरांपुढे आपण ‘‘बरं, बरं’’ म्हणत उठतो आणि पायऱ्या उतरताना प्रश्न आठवतात. पण दाढ एकदा गेली की गेली. पोरीची वाढीची वर्षंही परत येत नाहीत. त्यापुढे दोन मिनिटांचा संकोच काहीच नाही. चिठ्ठी सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.